विमानाचा गेम आणि कुशाबाची कायम नोकरी

नाणं टाकल्यावर जागा होणारा एक जुना व्हिडिओ गेम आहे मी, मित्रांनो. निदान होतो. आता माझ्यात पडदा नाही, दांडा नाही, बटणं नाहीत. माणसाच्या उंचीची एक लाकडी पेटी तेवढी उरली आहे आणि तिच्या बाजूला रंगवलेलं, पोपडे निघालेलं एक निळं विमान.

माझी पेटी घोडपदेवच्या एका सुताराने बनवली. आतला बोर्ड आणि पडदा परदेशातून बोटीने आला होता. खेळ अगदी साधा होता. खाली एक छोटं विमान आणि वरून कोसळणारे दगड. दांड्याने विमान हलवायचं, बटण दाबून दगड फोडायचे. तीन विमानं गेली की खेळ संपला. एका रुपयाला एक खेळ.

दौलतशेठनी लालबागला मसाल्याच्या गल्लीत गाळा घेऊन पार्लर उघडलं, तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. शेजारी मिरच्या कुटायचं दुकान होतं. तिथली लाल पूड उडून माझ्या फटींमध्ये जायची. महिन्याभरातच माझा दांडा अडकायला लागला.

त्या पार्लरमध्ये झाडलोट करायला आणि सुट्टे द्यायला कुशाबा नावाचा एक माणूस ठेवला होता. तो वीस वर्षं गिरणीत साच्यावर होता. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. त्यातली पहिली नऊ वर्षं तो बदली कामगार होता. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभा राहायचा. आत कुणी गैरहजर असेल तर नाव पुकारलं जायचं. नाव पुकारलं तेव्हा माणूस समोर नसला, तर त्याचा दिवस गेला. नऊ वर्षं असं उभं राहून कुशाबा कायम झाला होता.

साच्यांच्या आवाजात वीस वर्षं काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं. पण ओठांवरून तो सगळं ओळखायचा. आम्हा चार यंत्रांच्या गोंगाटात मुलं काय म्हणतात ते त्याच्याइतकं कुणालाच कळत नसे. माझा दांडा अडकला तेव्हा त्याने माझ्या कुशीवर तळवा टेकवला, डोळे मिटले आणि दांडा दोनदा हलवला. मग मागची फळी उघडून दाढीच्या ब्रशने पूड झाडली आणि ढिली पडलेली स्प्रिंग सुताने आवळून बांधली. ती गाठ पुढे कधी सुटली नाही.

पार्लरला येणारी बरीचशी मुलं संपातल्याच घरांमधली होती. त्यांच्याकडचा रुपया कुठून आला असेल, हे कुशाबाला ठाऊक होतं. म्हणून तो त्यांना रुपया वाचवायला शिकवायचा. "आधी दहा खेळ नुसते बघ. दगड कुठून येतात ते पाठ कर. मग नाणं टाक," असं सांगायचा. दोघांनी आठ-आठ आणे काढायचे, एकाने दांडा धरायचा आणि दुसऱ्याने बटण, ही युक्तीसुद्धा त्याचीच.

दौलतशेठ कपाळावर हात मारायचे. "कुशाबा, तुला गिऱ्हाईक आणायला ठेवलाय की पळवायला?"

"पळत नाहीत, शेठ. बघायला म्हणून येतात नि उभीच राहतात. गर्दी बघा की."

गर्दी खरोखरच वाढली होती.

कुशाबाची मुलगी शेवंती दुपारच्या सुट्टीत त्याचा डबा घेऊन यायची. ती सातवीत होती. माझी दुरुस्ती झाली की चाचणीचा एक खेळ फुकट असायचा आणि तो शेवंतीचा. एवढ्या कमी विमानांत इतकं पुढे गेलेलं दुसरं कुणी मी पाहिलं नाही. खेळून झालं की ती माझ्या काचेला कपाळ टेकून हळू आवाजात बोलायची. वडिलांची पाठ असेल तेव्हाच बोलायची, कारण समोर असले की त्यांनी ओठ वाचले असते.

अशाच एका दुपारी तिने मला सांगितलं, "गिरणीचं पत्र आलंय. कामावर हजर झाले नाहीत म्हणून आबांचं नाव कमी केलंय. मी वाचलं. आई म्हणाली, तेंका सांगू नको हां, तेंचो जीव त्या नावात आसा."

सुभद्राबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, ते पत्र पिठाच्या डब्याखालच्या कागदात ठेवून दिलं होतं. कुशाबाला सही करण्यापुरतंच लिहिता येत होतं. घरातलं सगळं वाचन शेवंतीकडे होतं.

कुशाबा पार्लर उघडण्यापूर्वी रोज सकाळी गिरणीच्या गेटवर जाऊन यायचा. शर्टाच्या खिशात त्याचं गिरणीचं कार्ड असायचं. ज्या नावासाठी तो जात होता ते वहीतून केव्हाच पुसलं गेलं होतं. हे त्याच्या बायकोला माहीत होतं, मुलीला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

आमची मोठी दुरुस्ती करायला माहीमहून रघु नावाचा मेकॅनिक यायचा. एका शनिवारी त्याने माझी मागची फळी उघडली आणि स्प्रिंगवरची गाठ बघतच राहिला.

"ही कुणी मारली?"

"मीच मारलीय. साच्यावरची गाठ आहे."

"मामा, तुम्ही इथे झाडू काय मारताय? आमच्याकडे चला. माहीमला मोठं वर्कशॉप होतंय, गेम जोडून गावोगाव पाठवणार. हातात कसब असलेला एक माणूस पाहिजे. सोमवारी सकाळी नऊला या. मालक स्वतः बघून घेणार आणि साडेदहाला गावाला जाणार. जागा एकच आहे."

कुशाबाने विचारलं, "बदली की कायम?"

"कायम. हजेरीपत्रकावर नाव."

'नाव' हा शब्द ऐकून कुशाबाचा चेहरा उतरला. "दुसरीकडे सही केली की गिरणीतलं नाव जातं, असं म्हणतात रे. वीस वर्षांचं सगळं जाईल."

रघु हसला. "कुठली गिरणी, मामा? तिच्या चिमणीवर आता घारी बसतात!"

शेवंती डबा हातात घेऊन तिथेच उभी होती. ती म्हणाली, "आबा, जा तुम्ही. काय नाय होत नावाला."

"तुला काय माहीत गो, बाय?"

मित्रांनो, तिचे ओठ उघडले होते. कुशाबा तिच्या ओठांकडेच बघत होता. आवाजसुद्धा काढावा लागला नसता. पण तिने ओठ मिटले आणि म्हणाली, "मला वाटतं म्हणून सांगितलं."

"बरं, जाईन," कुशाबा म्हणाला. जाताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या शनिवारी तो खुशीत होता. मुलांना म्हणाला, "असे गेम आता मी बनवणार. तुम्ही नुसते खेळा, लेकांनो."

रविवारी लालबागभर बातमी पसरली की उद्या गेट उघडणार, जे आधी हजर होतील त्यांना आत घेणार. अशा बातम्या दर पंधरा दिवसांनी यायच्या.

सोमवारी दुपारी अडीच वाजता रघु पार्लरमध्ये आला. त्याच्या पाठोपाठ कुशाबा आला. तो घामाने भिजला होता आणि कार्ड खिशातून काढून त्याने मुठीत धरलं होतं.

"मालकांना मी अकरापर्यंत थांबवलं, मामा! अकरापर्यंत! कुठे होतात?"

"गेटवर. आठला उघडतील म्हणाले. म्हटलं, हजेरी लावून नऊला माहीमला येतो."

"उघडलं?"

"बारा वाजता हजेरीचा बाबू आला. शंभरेक नावं पुकारली. माझं आलं नाही."

"मग नऊला निघायचं ना तिथून!"

कुशाबाने त्याच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "रांग सोडून? अरे, रांग सोडली आणि नेमकं नाव पुकारलं तर?"

जागा दुसऱ्या एका पोराला देऊन टाकली होती. थोड्या वेळाने शेवंती डबा घेऊन आली. वडिलांचा चेहरा पाहून तिला सगळं समजलं. तिने डबा खाली ठेवला आणि ती माझ्याशी एक शब्दही न बोलता निघून गेली. त्यानंतर चाचणीचा खेळ ती कधी खेळली नाही.

कुशाबा पुढे सात वर्षं त्या पार्लरमध्ये झाडू मारत राहिला. रोज सकाळी आधी गेट, मग पार्लर. नंतर घराघरांतल्या टीव्हीला जोडायचे गेम आले. चाळीतली पाच-सहा मुलं मिळून एक कॅसेट भाड्याने आणू लागली, तेव्हा माझ्यासमोर उभं राहायला कुणी उरलं नाही. दौलतशेठनी पार्लर बंद केलं, माझा बोर्ड, पडदा, दांडा आणि बटणं काढून विकली आणि रिकामी पेटी कुशाबाला देऊन टाकली. त्याने ती चाळीच्या खोलीत नेली. सुभद्राबाईंनी माझ्यात गोधड्या ठेवल्या. घरी येणाऱ्या प्रत्येकाला कुशाबा सांगायचा, "याचा दांडा मी बांधला होता. मला माहीमला बोलावलं होतं, कायम."

पुढे सुभद्राबाई गेल्या. पत्र शेवंतीकडे आलं. आता सांगून काय उपयोग, असं तिला वाटत राहिलं असावं. तिला नोकरी लागली, केस पिकले. गिरणी पाडून तिथे काचेची उंच इमारत उभी राहिली. ती आमच्या खिडकीतूनही दिसायची, पण कुशाबाला तोपर्यंत नीट दिसेनासं झालं होतं.

शेवटच्या दिवसांत तो माझ्याशेजारीच अंथरुणावर असायचा. एका सकाळी त्याने विचारलं, "बाय, आज गेटवर कोण गेलंय? माझं नाव पुकारतील."

शेवंती म्हणाली, "मी जाऊन येते, आबा."

ती जिन्यापर्यंत गेली आणि पायरीवर बसून राहिली. दार उघडं होतं, मला तिची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने परत येऊन ती त्याच्या अगदी डोळ्यांसमोर वाकली आणि सावकाश ओठ हलवून म्हणाली, "अजून उघडलं नाही."

"मग उद्या लवकर जा," कुशाबा म्हणाला.

त्याचा उद्या आला नाही.

जुन्या वस्तू जपा, धूळ पुसा, असं माझ्यासारख्याने तुम्हाला सांगायचं असतं, मित्रांनो. धूळ पुसली काय आणि न पुसली काय, माझं आता काही बिघडत नाही. पण तुमच्या घरात कुणी कशाची वाट बघत बसलं असेल आणि ते येणार नाही हे तुम्हाला माहीत असेल, तर त्याला सांगा. माया म्हणून लपवू नका. ऐकल्यावर तो चिडेल, दोन दिवस जेवणार नाही. तुम्हाला आयुष्यभर बोल लावेल कदाचित. लावू द्या. नाहीतर तो शेवटपर्यंत तुमच्याशी चांगलाच वागतो, आणि ते सहन होत नाही.