ओळ कुठे मोडायची

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. माझ्यात पुस्तकांची कपाटे शोधू नका, एकही सापडणार नाही. संगणकाच्या भाषेत कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेले आणि पुढे बाकीच्यांनी आयते वापरलेले काम, त्यालाही लायब्ररीच म्हणतात. माझे काम ऐकून तुम्ही हसाल. लांबलचक मजकूर आला की ओळ कुठे मोडायची, एवढेच मी ठरवते. शब्दाचे दोन तुकडे होऊ द्यायचे नाहीत, पूर्णविराम ओळीच्या तोंडाशी एकटा पडू द्यायचा नाही आणि ओळ कागदाबाहेर जाऊ द्यायची नाही. झाले माझे काम. पण ते मी मन लावून करते, आणि त्याचा मला थोडा ताठाही आहे.

मला लिहिले एका नकाशे काढणाऱ्या तरुणाने. त्याच्या नकाशांत गावांची नावे मावत नसत. कुठे नाव नदीत पडे, कुठे डोंगरावर चढून बसे. वैतागून त्याने मला लिहिले आणि कोणीही वापरावे म्हणून इंटरनेटवर ठेवून दिले. लायब्ररीसोबत तिच्या परीक्षाही लिहायच्या असतात. तिच्यात कोणी काही बदल केला की त्या परीक्षा पुन्हा घ्यायच्या, म्हणजे नकळत काही बिघडले असेल तर लगेच कळते. माझ्याही परीक्षा होत्या, आणि सगळ्या शहाण्या होत्या. एक सोडून. ती होती घड्याळाची. हजारो ओळी देऊन मला सांगायचे, एका सेकंदात मोड. जमले नाही तर नापास. नकाशेवाल्याच्या नव्या कोऱ्या, वेगवान संगणकावर हा माझ्या डाव्या हातचा मळ होता. पुढे त्याला जुळी मुले झाली, आणि मग ओळी काय, झोपही त्याच्या वाट्याला येईना. मी मागच्या बाकावर गेले. माझी तक्रार नाही, जुळी मुले ती जुळी मुले.

मला खरे जग दाखवले ते गाठोडेबाईने. लिनक्स हे नाव तुम्ही ऐकले असेल. संगणक चालवणारी ती एक प्रणाली आहे, पण ती एकटी कोणाच्या घरी जात नाही. स्वयंसेवकांचा एखादा गट तिच्यासोबत हजारो प्रोग्राम आणि लायब्ऱ्या गोळा करतो, त्यांचे एकमेकांशी पटते का ते बघतो आणि सगळा संसार एकत्र बांधून लोकांना फुकट देतो. त्याला वितरण म्हणतात. त्यात शिरायचे तर लायब्ररीचे नीट पॅकेज करावे लागते. हिला कोणाची गरज लागते, ही कोणाच्या उपयोगाची, हिचा परवाना कोणता, हे सगळे लिहून द्यावे लागते. गाठोडेबाई आमच्या वितरणात हेच काम करते. पॅकेज तयार झाले की ती "बांधलं गाठोडं!" म्हणून हात झटकते, म्हणून गटातल्या लोकांनी तिला हे नाव दिले.

पोटासाठी ती कवळ्या बनवते. तिच्या कामाच्या टेबलावर प्लास्टरची पांढरी धूळ, मेणाचे तुकडे, दातांचे ओळीने मांडलेले साचे आणि कडेला पुसून पुसून झिजलेला लॅपटॉप. दुपारी जेवण झाले की ती हात धुऊन आमच्याकडे वळते. "कवळी काय आणि पॅकेज काय, चावून पाहिल्याशिवाय बसली की नाही ते कळत नाही," असे ती म्हणते. म्हणूनच आमच्याकडे नियम कडक आहेत. पॅकेज बंद खोलीत तयार झाले पाहिजे, म्हणजे तिथे इंटरनेट नाही, शेजारून उसनवारी नाही, यादीत लिहिले असेल तेवढेच सामान. शिवाय ते प्रत्येक जातीच्या यंत्रावर तयार झाले पाहिजे. वितरणाकडे नवी, चपळ यंत्रे आहेत, तसेच एक जुने, संथ यंत्रही आहे. त्याला सगळे कासव म्हणतात. तसली यंत्रे अजून लोकांच्या घरी आहेत, म्हणून कासवालाही मान.

त्या दिवसांत माझे फार बरे चालले होते. एका कवितांच्या प्रोग्रामने मला घेतले, एका पत्रे छापणाऱ्या प्रोग्रामने घेतले. मग एक ब्रेल छपाईचा प्रोग्राम आला. ब्रेल म्हणजे जाड कागदावर उठवलेले ठिपके, बोटांनी वाचायचे. त्या कागदाच्या ओळीत फार थोडी अक्षरे मावतात, त्यामुळे ओळ कुठे मोडायची याला तिथे मोठे महत्त्व. तिथे माझे कौतुक झाले, आणि खरे सांगते, ते मला आवडले.

मग गाठोडेबाईचे बाबा घरातच पाय घसरून पडले. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. ती रुग्णालयात बाकावर बसून दिवस काढू लागली. त्याच सुमारास आमच्या वितरणाची नवी आवृत्ती निघायची होती. अशा वेळी सगळी पॅकेजे पहिल्यापासून नव्याने तयार करतात. कासवाच्या पाठीवर एकाच वेळी शंभर कामांचे ओझे पडले, आणि त्यात माझी घड्याळाची परीक्षा आली. आजवर मी तिथे काठावर पास होत होते. या वेळी एक सेकंद कधीच उलटून गेला. नापास! नियम म्हणजे नियम. गाठोडेबाईला यंत्राने आपोआप सूचना पाठवल्या, एकामागून एक. उत्तर आले नाही, तेव्हा मला नव्या आवृत्तीतून काढून टाकले. जो प्रोग्राम माझ्यावर अवलंबून, तोही माझ्याबरोबर बाहेर. मित्रांनो, माझी एकही ओळ चुकलेली नव्हती हो. पण माझी बाजू मांडणार कोण?

इकडे एका ब्रेल छापखान्यात अंध मुलांच्या शाळेची गणिताची पुस्तके छापायची होती. शाळा उघडायला आली होती आणि छापखान्याचा जुना संगणक करकर करून शेवटी बंद पडला. नवा आणला, तर तो आमच्या येणाऱ्या आवृत्तीशिवाय चालेना. छापखान्यात एक तपासनीसबाई आहेत. त्यांना दिसत नाही. छापून आलेले पान बोटांनी वाचून त्या चुका काढतात, आणि संगणक पडद्यावरचे त्यांना बोलून दाखवतो. त्यांनी नव्या संगणकावर त्या आवृत्तीची कच्ची प्रत घालून छपाईचा प्रोग्राम बसवायला घेतला, तर आतून आवाज आला, "बसवता येत नाही. लागणारी लायब्ररी उपलब्ध नाही."

"इंटरनेटवरून थेट उतरवून घ्या आणि मोकळ्या व्हा," व्यवस्थापक म्हणाले.

"आज मोकळी होईन. पुढच्या वेळी बिघडलं तर विचारायचं कोणाला?" तपासनीसबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या पॅकेजवरचा पत्ता काढला आणि पत्र पाठवले.

बाबांना घरी आणल्यावर गाठोडेबाईने टपाल उघडले. यंत्राच्या सूचनांचा नुसता ढीग. सगळे एकदम पुसून टाकावे असे तिच्या मनात आले होते. त्या ढिगात माणसाचे एकच पत्र होते आणि त्याची पहिली ओळ होती, "तुम्ही बऱ्या आहात ना?" इतक्या दिवसांत हे तिला कोणी विचारले नव्हते. तिचे डोळे भरून आले. पुढे गणिताच्या पुस्तकांची हकीकत होती आणि खाली फोन नंबर. तिने लगेच फोन लावला.

"ताई, माफ करा. घरी आजारपण होतं. पण आज संध्याकाळी नव्या आवृत्तीचं दार बंद होतंय. त्याआधी ही पास झाली तर परत आत जाईल."

"आणि नाही झाली तर?"

"तर पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागेल. दोन वर्षं."

तपासनीसबाईंनी फोन ठेवला नाही.

गाठोडेबाईने घाईत घड्याळाच्या परीक्षेत एका सेकंदाचे पाच सेकंद केले आणि मला कासवाकडे पाठवले. कासव धापा टाकत होते. मी पुन्हा नापास झाले. तिचे तोंड उतरले. "आता दहा करू? की वीस?" ती स्वतःशीच पुटपुटली.

फोन चालूच होता. तपासनीसबाईंनी विचारले, "अहो, ही परीक्षा नेमकं तपासते तरी काय?"

"वेग."

"ओळ बरोबर मोडली की नाही, ते?"

"ते बाकीच्या परीक्षा बघतात. त्यात ती सगळीकडे पास आहे. कासवावरसुद्धा."

"मग वेग घेऊन मी काय करू? आमचं छपाईचं यंत्र ठक ठक करत एक पान काढेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. मला फक्त समीकरण मधेच तुटायला नको. चुकीच्या जागी तुटलं की मुलाचं बोट अडखळतं आणि त्याला वाटतं, आपलंच चुकलं."

गाठोडेबाईने कपाळावर हात मारला. "म्हणजे कासव मागे पडलं म्हणून मी हिला नापास करत बसले होते!" पलीकडच्या खोलीतून बाबा म्हणाले, "अगं, मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पळायला नाही." तिघेही हसले.

तरी रीत म्हणून तिने नकाशेवाल्याला विचारले. त्याचे उत्तर लगेच आले, "अहो, ती परीक्षा अजून आहे? मी मित्राशी पैज लावून घातली होती. काढा, काढा!" मागून जुळ्यांचे रडणे ऐकू येत असावे, कारण पत्र तिथेच तुटले होते.

घड्याळाची परीक्षा निघाली. मी तिसऱ्यांदा कासवापुढे उभी राहिले. चपळ यंत्रांवर मी केव्हाच पास झाले होते, कासव मात्र आपल्या चालीने चालले होते. बाबा वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत आले आणि उंबऱ्यापाशी दम खात थांबले. उन्हे कलली. एकेक परीक्षा पार पडत गेली आणि शेवटी पडद्यावर हिरवी खूण आली. पास! थोड्या वेळाने मी आत गेले, माझ्यामागून ब्रेलचा प्रोग्राम आत गेला, आणि मग दार बंद झाले.

"झालं, ताई. झालं," गाठोडेबाई म्हणाली. पलीकडून नुसता मोठा सुस्कारा ऐकू आला. मित्रांनो, मला श्वास नाही, नाहीतर तो मीही सोडला असता. शाळा उघडली तेव्हा पुस्तके बाकांवर होती. समीकरणे अखंड होती.

पण माझी गोष्ट इथे संपत नाही. आठवड्याने तपासनीसबाईंचा फोन आला. "माझ्यासाठी ही एवढी मोठी गोष्ट, आणि तिचा सगळा भार तुमच्या एकटीच्या खांद्यावर. मला शिकवाल का हे गाठोडं बांधायला? बोलणारा संगणक आहे माझ्याकडे, हळूहळू जमेल." गाठोडेबाईने शिकवले. चुका झाल्या, एकदा तर तपासनीसबाईंनी माझे पॅकेज असे बांधले की त्यात मीच नव्हते! पण त्या शिकल्या. आता माझ्या पॅकेजवर, 'सांभाळणार' या शब्दापुढे, दोन नावे आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत अशा कितीतरी गोष्टी गुपचूप चालू असतात. नळाला पाणी येते, घंटा वेळेवर वाजते, घरात डबा भरलेला मिळतो. जोवर चालते तोवर कोणी विचारत नाही, आणि बंद पडले की सगळे ओरडतात. तुम्ही बंद पडायची वाट पाहू नका. आज चौकशी करा की हे कोण सांभाळते. ते एकच माणूस निघाले, तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि थोडे शिकून घ्या.

परवा माझ्याबद्दल पुन्हा एक तक्रार आली. गाठोडेबाई बाबांना घेऊन बागेत फिरायला गेली होती. ती परत आली तेव्हा काम झालेले होते.