रिकामी सोडलेली जागा

कंबोडियातल्या बट्टमबाँग गावच्या बियाणे-कोठीत मी भाताच्या वाणांच्या बरण्या सांभाळायचो आणि कुंथिया त्यांच्या नोंदी संगणकात ठेवायची. एका सकाळी एक म्हातारी शेतकरीण जुनं वाण मागायला आली. संगणक म्हणाला, नाही. बरणी तर माझ्या हातात होती! म्हातारीला बियाणं दिलं आणि मी कुंथियाकडे वळलो.

"तुझं यंत्र आंधळं आहे गं."

"आंधळं नाही, दादा. आपली लिपी कच्ची आहे त्याची."

आमच्या ख्मेर लिपीत मात्रा आधी टाइप करा की जोडाक्षर आधी, पडद्यावर नाव सारखंच दिसतं. डेटाबेसला मात्र ती दोन वेगळी नावं वाटत होती.

डेटाबेसचा तो प्रोग्राम कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. जगभरची माणसं मिळून तो लिहीत आणि आतला कोड कुणालाही वाचता येई. कुंथिया वाचत बसली. कॉफीतला बर्फ वितळून जायचा, तिचं लक्ष नसायचं.

एका दुपारी तिनं मला बोलावलं. आवाज पॅगोडात बोलावं तसा हळू. कोडमध्ये कुणीतरी टीप लिहून ठेवली होती: 'ख्मेरचं इथे काय करावं मला कळत नाही. चुकीचं लिहिण्यापेक्षा जागा रिकामी सोडतो. जाणणारं कुणी आलं तर कृपया लिहा.' टीप लिहिली गेली तेव्हा कुंथिया शाळेतही जात नव्हती.

"तुझीच वाट बघत होता की हा!" मी थट्टा केली. ती हसली नाही.

दोन्ही क्रमांना एकच नाव मानणाऱ्या थोड्याशाच ओळी तिनं लिहिल्या, पण पाठवायला ती धजेना.

"हसतील मला."

"हसू देत. तुझे दात थोडेच पडणार आहेत?"

कुणीच हसलं नाही. जपानातल्या एका बाईनं विचारलं, तुमच्याकडे हातानं लिहिताना आधी काय लिहितात? पोलंडच्या एकानं दाखवून दिलं की या ओळींनी शोध मंदावतो. कुंथियानं पुन्हा लिहिलं, पुन्हा पाठवलं. ना ओळख ना पाळख, तरी ती माणसं तिच्या अक्षरांवर घरच्यासारखी वाद घालत होती. अखेर उत्तर आलं: घेतलं. आभार.

तिनं आईला फोन लावला. "आई, मी लिहिलेलं आता जगभर चालणार!"

"म्हणजे नवी नोकरी लागली?"

"नाही गं."

"बरं. भात खाल्लास का?"

कुंथिया हसता हसता डोळे पुसू लागली. मग बराच वेळ पडद्यावरच्या त्या परक्या नावांकडे पाहत राहिली.

"दादा, यांतलं कुणी आपल्याला कधी भेटणारसुद्धा नाही, नाही का?"

मी उठून तिच्या कॉफीत नवा बर्फ टाकला.