पहिल्या सूचकाची ओळ

बद्रीनाथ पाचव्यांदा विधानसभेला उभा राहत होता. पक्ष छोटा, म्हणून अर्जावर दहा सूचक लागत, आणि चारही वेळा पहिली सही दोस्त मुनीरची होती. महिन्यापूर्वी मुनीर गेला. यंदा नऊ सह्या झाल्या, पहिली ओळ त्यानं कोरीच ठेवली. मुदतीच्या दिवशी तो धावड्याला मुनीरच्या दारी गेला. त्याची बायको बदरुन्निसाभाभी इद्दतीचा, म्हणजे विधवेनं चार महिने दहा दिवस घराबाहेर न पडण्याचा, शोक पाळत पडद्याआड बसल्या होत्या.

"भाभी, सही पाहिजे होती."

"पुन्हा पडायची लईच जल्दी झाली का, भाईजान?"

त्यानं अर्ज पडद्याशी धरला. पडद्याखालून हात आला, कागद घेऊन गेला.

"मतदानापर्यंत इद्दत संपायची न्हाई. औंदा आमची दोन मतं कमी धरा."

कागद परत आला. पहिल्या ओळीत मुनीरचं नाव होतंच: बदरुन्निसा मुनीर शेख.