मोरीचा बोळा

तू जन्मलीस तेव्हा प्रकाशा गावाच्या आसपास गाठीचा ताप पसरला होता, काखेत गाठ उठून माणूस दगावायचा. घरात मेलेला उंदीर दिसला की माणसं घर सोडून शेतातल्या झोपडीत राहायला जात.

आपली स्वयंपाकघरातली मोरी म्हणजे दगडी चौकोन, आणि भिंतीतून परसात जाणारी खापराची नळी. नळीत नुसतं पाणी सोडायचं, खरकटं म्हशीला घालायचं, रात्री नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबायचा. हा नियम तुझ्या आजीचाच, माझ्या सासूचा; अनुसयाबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. पण बाळंतिणीचं उष्टं म्हशीला कसं द्यायचं? विटाळानं दूध आटेल, ही त्यांना भीती. म्हणून माझ्या ताटातलं उरलंसुरलं मोरीत जाऊ लागलं. नळी तुंबली. आंबूस वास माझ्या बाजेपर्यंत यायचा.

"आत्याबाई, नळीमा काठी घाला ना."

"तू पोरले पाज. मोरीनी चिंता तुले कशाले?"

दुसऱ्या सकाळी त्यांनी काठी घातली, तर भाताच्या लगद्यासोबत उंदीर बाहेर आला. मेलेला. त्या तिथंच खाली बसल्या.

तुझे बाबा गाडी जुंपायला धावले. मी तुला लुगड्यात गुंडाळलं, तर आत्याबाई दारात आडव्या.

"सव्वा महिना व्हयना नही. बायतीन कोठे उंबरा वलांडस का?"

"मंग उंदीर सव्वा महिना थांबी का?"

त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू जांभई दिलीस. त्या बाजूला झाल्या.

"जाय, मन्ही माय. मी मोरी धोईसन येस."

तिसऱ्या दिवशी त्या शेतात आल्या, पण आमच्या झोपडीपर्यंत नाही. बांधावरच थांबल्या, एक हात काखेत दाबून. मी तुला घेऊन पुढे निघाले तशा ओरडल्या, "तठेच थांब! पोर दूध पी ऱ्हायनी का?"

"पेस, आत्याबाई."

"पोटभर?"

"पोटभर."

त्या वळल्या. तुझे बाबा मागे धावले, तर त्यांनी मारायला ढेकूळ उचललं.

त्या घरातच वारल्या, एकट्या. ताप ओसरल्यावर आम्ही परतलो, तर मोरी लख्ख घासलेली होती. नळीत बोळा घट्ट बसवलेला, त्यांच्याच लुगड्याच्या हिरव्या काठाचा.

आता तू रांगत मोरीकडेच जातेस, तो काठ ओढतेस. तुझ्या मुठीतून तो सोडवताना, बाई, माझाच हात लवकर सुटत नाही.