डब्याचा विसावा

येडबामामाच्या घराला आणि माझ्या पिठाच्या गिरणीला मधली भिंत एकच. मामानं जन्मभर मेंढरं राखली. गुडघे गेले तसा कळप विकला, आणि मागोमाग डोकंही गेलं. जेवलो की नाही हे तो विसरायचा ते चालायचं, पण मेंढरं विकली हे काही केल्या त्याच्या ध्यानात राहत नव्हतं. उन्हं कलली की घोंगडी खांद्यावर टाकून, काठी घेऊन कालव्याकडं निघायचा. ती मेंढरं पाण्यावर न्यायची वेळ.

बायको, कोंडामामी, रोजानं कापूस वेचायला जायची. घरी बसून तिचं भागणार नव्हतं. तिनं बाहेरून कुलूप लावून बघितलं, तर मामानं दारावर डोकं आपटून रक्त काढलं. त्यानंतर तिनं कुलूप कधी लावलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक राजेश्री परभणीला मोबाइलच्या दुकानात कामाला. तिनं फाटकाला एक बारकं यंत्र बसवलं. फाटक उघडलं की वायफायवरून तिकडं तिच्या मोबाइलवर घंटा वाजायची आणि ती लगेच मला फोन लावायची, "सितारामदादा, आबा निघाले बघा." गिरणी चालू असली की माझ्या कानाशी ढोल वाजवला तरी मला कळत नाही, म्हणून मी फोन छातीच्या खिशात ठेवायचो. तो थरथरला की गिरणी बंद करून पळायचो. "मामा, मेंढरं आलीत माघारी, चला," म्हटलं की गडी मुकाट हात धरून घरी यायचा.

हे इतकं सहज जमलं नव्हतं. वायफायचा डबा कंपनीचा. त्यात दोन पट्टे असतात म्हणे, एक नवा, वेगाचा आणि एक जुना. फाटकाच्या यंत्राला जुनाच लागतो. कंपनीनं दोन्ही एकाच नावाखाली कोंबलेले, त्यामुळं यंत्र काही जोडलं जाईना. मागं दुसरा डबा जोडावा, तर वायर लावायची भोकं कंपनीनं आतून बंद करून ठेवलेली. राजेश्री फोन करून करून मेटाकुटीला आली. तिकडून एकच उत्तर, "मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये तसं होत नाही." माझा बाप कालव्यात जाईल म्हटलं, तरी तेच, तितक्याच गोड आवाजात. असल्या गोड बोलणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

शेवटी पोरीनं कुणाकडून तरी त्या डब्याचा पासवर्ड मिळवला. आत शिरून दोन्ही पट्टे वेगळे केले आणि जुन्याला 'फाटक' असं नाव दिलं. घंटा वाजायला लागली. मेख एवढीच होती, की डबा बंद होऊन पुन्हा चालू झाला की तो कंपनीकडं विचारणा करायचा आणि पोरीनं केलेलं सगळं पुसून टाकायचा. म्हणून तिनं डब्याला बॅटरी लावून दिली आणि बटणावर चिकटपट्टी मारली. आईला हे पट्ट्यांचं कुठं सांगत बसायचं? तिनं एवढंच बजावलं, "आई, हा डबा बंद करायचा न्हाई. बंद असला तर आबा भाईर पडल्यालं मला कळत न्हाई."

मामीनं ते अक्षरशः पाळलं. वीज कडाडायला लागली की टीव्हीची पिन काढायची, पण डब्याला हात लावायची नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं ज्याच्यावर घर चालतं त्या हत्याराची त्या दिवशी पूजा होते आणि मग दसऱ्यापर्यंत ते वापरत नाहीत. मी गिरणी बंद ठेवतो, नारळ फोडतो. प्रसाद द्यायला मामीकडं गेलो, तर पाटावर लोकर कातरायची कातर, विळा, कुऱ्हाड, आणि त्यांच्या शेजारी तो डबा. हळदीकुंकू वाहिलेला, झेंडूची माळ घातलेला, त्याचे हिरवे दिवे विझलेले.

"वरीसभर डोळा लावला न्हाई बिचाऱ्यानं," मामी म्हणाली. "आज मी हाय की घरी तुझ्या मामाला राखायला. ह्यालाबी इसावा पायजे."

मलाही ते पटलं. मी डब्याला हात जोडले.

दसऱ्याला तिनं डब्यापुढं आपट्याचं पान ठेवलं, तो जागच्या जागी नेला, बटण दाबलं आणि तीच चिकटपट्टी परत नीट चिकटवली. हिरवे दिवे लागले.

दसऱ्याच्या गर्दीमुळं राजेश्रीला गावी येता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखा फोन केला. "डबा चालू हाय न आई?"

"हाय की. हिरवे दिवे लागल्यात."

मामी कापसाला गेली. गिरणी दोन दिवस बंद होती म्हणून माझ्याकडं दळणाच्या डब्यांची रांग लागलेली. दिवसभर पीठ पाडलं. दिवेलागणीला मामी गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली आणि हातानं विचारायला लागली. मी गिरणी बंद केली.

"सिताराम, मामा तुझ्याकडं हायत का रे?"

माझा हात खिशाकडं गेला. फोन दिवसभर थरथरलाच नव्हता.

कालव्याच्या काठावर घोंगडी होती, नीट घडी केलेली. तिच्यावर काठी. शेजारी चपला. कालवा भरून चालला होता.

"मेंढरं धुवाया उतरले," मामी म्हणाली आणि खाली बसली. लोकर कातरायच्या आधी मेंढरं पाण्यात घालून धुतात. दिवस त्याचेच होते. बाकी सगळं विसरलेल्या माणसाला तेवढं बरोबर आठवलं. मामा सकाळी सापडला, खालच्या पुलापाशी.

सावडणं झालं त्या दुपारी मी घरून भाकरी घेऊन गेलो. राजेश्री डब्यापुढं मोबाइल घेऊन बसली होती. मला बघून तिनं मोबाइल पुढं केला. वायफायच्या यादीत कंपनीचं नाव होतं. 'फाटक' नव्हतं.

"दादा, हा डबा कुणी बंद केलता?"

मी नवमीचं सांगितलं. तिनं डबा उचलून बघितला. मागं झेंडूची सुकलेली पाकळी अडकली होती आणि चिकटपट्टीच्या कडेला हळद होती. तिनं पाकळी मुठीत घेतली, ओढणीनं हळद पुसून काढली. मला त्या कंपनीला शिव्या द्याव्याशा वाटत होत्या, पण घरात सुतक होतं. तेवढ्यात मामी भिंत धरत बाहेर आली.

"राजे, एक इचारू का?" ती म्हणाली. "त्या दिशी तुझी घंटा वाजली न्हाई का गं? का माझंच काय चुकलं?"

राजेश्रीनं डबा जागेवर ठेवला. मग म्हणाली, "वाजली होती आई. दुकानात लय गिऱ्हाईक होतं. मीच बघितलं न्हाई."

मी तोंड उघडलं. राजेश्रीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी ते मिटलं.

मामीनं लेकीकडं पाठ केली. मग डब्यापाशी गेली आणि तिनं त्याला हात जोडले.

"म्हंजे ह्यानं त्याचं काम केलतं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

याला आता दुसरी खंडेनवमी येईल. पोरगी महिन्याला येते, उंबऱ्याशी बसते, आई पाणीसुद्धा विचारत नाही. डबा मात्र मामी रोज सकाळी पदरानं पुसते. त्याचे हिरवे दिवे अजून चालू आहेत.