तांबड्या दोऱ्याचं मापटं

"त्रिंबकशेठ, तुमच्याकडं मापटी दोन कावून हो?"

आष्टीच्या भर बाजारात केसरनं हे विचारलं, आणि मागं चिंचेखाली तिच्या मैत्रिणी भिवरा आणि जानकी यांनी हसू दाबायला परकराचा बोळा तोंडात कोंबला. पैज पसाभर बोरांची होती. "तू विचारशील? तोंड तरी उघडंल का तुजं?" असं भिवरा म्हणाली होती. पण बोरं गेली चुलीत, केसरला उत्तर हवं होतं.

शेठ आपल्या धान्याच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसला होता. पोरीच्या तोंडून असला सवाल म्हटल्यावर त्याला मजाच वाटली.

"अगं, एक लक्ष्मीला घरात आणतंय, दुसरं तिला सासरी धाडतंय. तांबड्या दोऱ्याच्यानं माल घ्यायचा, काळ्या दोऱ्याच्यानं द्यायचा. वाडवडलांची रीत हाय. शाळंत जातीस न्हवं? मग हे बी शिक!"

गिऱ्हाइकं हसली. रीत म्हटल्यावर कोण काय बोलणार? केसर मात्र हसली नाही. ती दोन महिन्यांपासून हसायचं विसरली होती, निदान या दुकानासमोर तरी.

दोन महिन्यांपूर्वी तिची माय, सुंदरबाई, इथंच उभी होती. सुंदरबाईइतका काटकसरीचा बाजार अख्ख्या गल्लीत कुणी करत नसे. भाजी घ्यायची ती दिवस कलल्यावर, माळणी टोपल्या आवरायला लागल्या की. डाळ घ्यायची ती फुटकी, मीठ घ्यायचं ते खड्याचं. एवढं करूनही डाळ पुढच्या बाजारापर्यंत पुरेना, तेव्हा तिनं शेजारणीचं मापटं मागून आणलं आणि डाळ मोजली. डाळ कमी भरली. सुंदरबाई तशीच परत गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "शेठ, माप कमी हाय."

शेठ मोठ्यांदा ओरडला, "कमी? वाटंत वटीत घातली आसंल! झाड पदर!"

आणि मायनं सगळ्या बाजारासमोर पदर झाडला. डाळीचे दोन दाणे पडले, शिवणीत अडकलेले. लोक हसले. त्या दिवसापासून सुंदरबाई बाजारात गेली नाही. बाजार केसरचा बाप, धोंडीरामदादा, करू लागला, आणि दादाला भाव करता येत नसे.

म्हणून शेठचं उत्तर ऐकल्यावर पुढच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी सकाळी, केसर शेठच्या परसात हजर. शेठची बायको कौशल्याबाई मापटी घासायला बसली होती. ही पण रीत: बाजाराआधी दोरे सोडायचे, मापटी चिंचेनं लखलखीत करायची, हळदकुंकू लावायचं आणि दोरे पुन्हा बांधायचे.

"काकू, तुमी उठा. मी घासते."

"अगं बाई, गुणाची गं पोर!" म्हणत कौशल्याबाई चुलीकडं गेली.

बाहेरून दोन्ही मापटी जुळ्या बहिणी. केसरनं आत हात घातला. एकात हात मनगटापर्यंत गेला. दुसऱ्यात दोन बोटं आधीच टेकला, कारण तळाला लाखेचा जाड थर होता. वरून काजळी फासलेली.

केसरच्या अंगातून असं काही सळसळलं की तिला तिथंच फुगडी घालावीशी वाटली. तिनं मापटी अशी घासली, अशी घासली की सूर्य त्यात तोंड बघंल. मग दोरे उलटे बांधले: लाखेच्या मापट्याला तांबडा दोरा आणि पुऱ्या मापट्याला काळा.

दुपारी शाळा सुटताच तिघी धावत पेठेत आल्या. शेठचा हात दोऱ्याच्या रंगावर चालायचा, डोळे गिऱ्हाइकाच्या तोंडावर. विकत होता पुऱ्या मापानं, घेत होता लाखेच्या. बाया घरी जाऊन परत येत होत्या, शेजारणींना घेऊन.

"अगं, आज माजं गाडगं काठोकाठ भरलं!"

"शेठला नातू झाला का काय?"

डाळीचं पोतं तिसऱ्या प्रहरीच बुडाला लागलं. शेठनं पोत्याकडं बघितलं, खरेदीच्या ज्वारीचा लहानसा ढीग बघितला, मग हातातल्या मापट्यात डोकावला. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"आरं, हे न्हवं! हे मोठं हाय!"

गिऱ्हाइकं दुकानाकडं सरकली.

"मोठं?" केसर पुढं झाली. "मापटं म्हंजे मापटं. त्यात मोठं-धाकटं कावून हो, शेठ?"

तिनं काळ्या दोऱ्याचं मापटं ज्वारीनं भरलं आणि तांबड्यात ओतलं. ज्वारी काठावरून खाली सांडली. सांडतच राहिली. गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "मुडद्या, माज्या सुनंच्या बाळंतपणाचं बी खाल्लंस की रं!"

शेठ उठून आत जाऊ लागला. केसर दारात आडवी.

"आदी उपरणं झाडा."

"काय?"

"उपरणं. माज्या मायनं पदर झाडलाय हितं. झाडा!"

"झाडा, झाडा!" बाया ओरडल्या. त्रिंबकशेठनं उपरणं झाडलं. भिवरानं "पुन्यांदा!" म्हटलं, तर पुन्हा झाडलं.

केसर घरी पोचली तेव्हा धाप लागून बोलताही येईना. तरी तिनं सगळं सांगितलं, हातवारे करून, दोऱ्यांच्या अदलाबदलीसकट. धोंडीरामदादानं कपाळाला हात लावला. "पोरी, शेठाशी वैर? उद्या मीठ कोण देईल?"

माय चुलीपाशी बसली होती. "खरंच झाडलं?" तिनं विचारलं.

"दोनदा, माय!"

सुंदरबाईनं पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलू लागले. हसत होती. पण केसरचं पोट अजून भरलं नव्हतं. एका दिवसानं दोन महिने फिटतात होय?

"दादा, माय, ऐका," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माजं ठरलंय. येत्या बाजारापासून शाळा सुटली की मी शेठच्या दुकानासमोर बसणार, शेजारणीचं मापटं घेऊन. ज्याला आपला माल मोजून बघायचा, त्याला फुकट मोजून देणार. दर बाजाराला. आन् माय, तू माज्या शेजारी बसणार, पदर डोक्यावर घिऊन, ताठ."