चाकांना मज्जाव

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पायवाट आहे. कॅसलरॉक स्टेशनाकडे सागवानाच्या गाड्या जातात ना, त्या गाडीवाटेच्या कडेनं, तिच्यापेक्षा हातभर उंचावरून मी जाते. रुंदी म्हणाल तर तीन हात. दोन मुलं हातात हात घालून माझ्यावरून चालू शकतात, पण बैलगाडीचं चाक चढू शकत नाही. मला मुद्दामच तसं बांधलं आहे.

माझ्या आधी इथं एकच वाट होती. दोन्हीकडे रान आणि मध्ये चाकोऱ्या. वाडीपासून शाळेपर्यंत अर्धा मैल मुलं त्या चाकोऱ्यांतूनच जायची आणि गाडी आली की काट्यांत अंग चोरून उभी राहायची. एका साली दिवाळीनंतर, धुक्याच्या सकाळी, ओंडक्यांनी लादलेली नागू गाडीवानाची गाडी उतारावर आवरली नाही. सात वर्षांची केशर बाजूला झाली, पण तिचा डावा पाय मागे राहिला. दोन बोटं गेली.

मग आयांनी मुलं घरीच ठेवली. शाळेत सात जण उरले. रामचंद्र मास्तरांना वरून पत्र आलं, की चैत्रात साहेब तपासणीला येतील, वीस मुलं दिसली नाहीत तर शाळा दुसऱ्या गावी नेऊ.

जखम भरल्यावर केशर रोज पाटी घेऊन उंबऱ्यावर बसू लागली. तिची आई पुतळी भात कांडत असायची. आठ दिवस तिनं ते बघितलं आणि नवव्या दिवशी मुसळ टाकून ती मास्तरांकडे गेली.

"मास्तर, गाडीला वाट हाय, बैलाला हाय. माझ्या लेकीला न्हाई. ती कशी करायची तेवढं सांगा."

"सरकारात अर्ज केला होता, पुतळाबाई. वाट गाड्यांसाठी आहे, असं उत्तर आलं."

"मग आता अर्ज नको. दगड कुठनं आणायचे ते बोला."

वाडीत तीस घरं. ठरलं असं, की प्रत्येक घरानं साठ हात वाट बांधायची आणि काठाचे दगड घडवायला खानापूरकडून वडार येईल, त्याच्या मजुरीला घरटी दोन पायल्या भात द्यायचं. भात मळून झालं होतं, म्हणून कुणी नाही म्हटलं नाही. बायकांनी ओढ्यातले दगड डोक्यावरून आणले. पुतळी वडाराच्या हाताखाली राबली. दगडाचं तोंड ओळखून तो कसा बसवायचा, ते ती बघून बघून शिकली.

पण एक चूक झाली. मास्तरांनी अंतर मोजलं ते आपल्या हातानं, आणि मास्तर उंच, काठीसारखे. घरोघरी साठ हात मोजले ते ज्याच्या त्याच्या हातानं. अर्ध्यांनी वाडीकडून सुरुवात केली, अर्ध्यांनी शाळेकडून. मध्ये गाठ पडायची तिथं सत्तर हात जागा उघडी राहिली. तोवर भात संपलं होतं आणि वडारही गेला होता.

"मास्तर, तुमच्या हातानं घात केला," एक म्हातारी म्हणाली. मास्तरांनी हात धोतरात लपवला. सगळे हसले, पुतळीसुद्धा.

ती उघडी जागा नेमकी बाबुराव ठेकेदाराच्या लाकडाच्या वखारीसमोर होती. शिमगा झाला आणि त्यानं तिथं ओंडके रचले.

"बाबुराव, ही पोरांची जागा हाय," पुतळी म्हणाली.

"पोरांची वाट संपली की मागंच. इथं काय बांधलेलं दिसतंय का?"

"ओंडके काढा, बांधून दाखवते."

"तोवर पोरांनी काय करावं? उडावं?"

"न्हाई. चालतील."

दुसऱ्या सकाळी वाडीतली एकतीस मुलं माझ्यावरून आली. ओंडके लागले तिथं पुतळीनं सगळ्यांना खाली गाडीवाटेवर उतरवलं, अगदी मधोमध, एकामागं एक. सगळ्यांत पुढं केशर. ती लंगडत चालायची, आणि तिच्या पुढं कुणी जायचं नाही, एवढंच आयांनी सांगितलं होतं. मागं बाबुरावाच्या लाकडाच्या अकरा गाड्या अडल्या. पहिली नागूची होती.

बाबुराव वखारीतून ओरडला, "नागू, हाक की. पोरं आपोआप सरतील."

नागूनं खाली उतरून बैलांच्या मानेवरचं जू काढलं. "माझी गाडी एकदा ह्या पोरीवर गेलीय. आता तिच्या मागनं जाईल. तुमाला घाई असंल तर तुमी ओढा."

मुलं पाढे म्हणत शाळेपर्यंत गाडीवाटेच्या मधूनच गेली, संध्याकाळी तशीच परतली, आणि गाड्या त्यांच्यामागं रखडल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. स्टेशनावर मालगाडी थांबायची आणि अर्धी रिकामी निघून जायची. चौथ्या सकाळी बाबुरावाच्या माणसांनी ओंडके उचलले. तो स्वतः काही बाहेर आला नाही.

ते सत्तर हात पुतळीनं आणि वाडीतल्या बायकांनी बांधले. माझा तेवढा भाग वाकडातिकडा आहे, पण मला तोच सगळ्यांत आवडतो. चैत्रात साहेब आले. त्यांनी मुलं दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा त्यांना खरं वाटेना. एकतीस. शाळा राहिली.

तेव्हा सगळे मला वाखाणत. वाडीतल्या बायका शेणानं सारवलेल्या अंगणासारखी मला झाडून ठेवत. पुढे ते सरलं. कुणी माझ्यावर गुरं बांधली, कुणी जोत्यासाठी माझे दगड नेले. मी ते विसरले नाही. दगड नेणाऱ्याला मी ओळखते, आणि त्याची मुलंही माझ्यावरूनच शाळेत जातात.

आता बैलगाड्यांच्या जोडीला मोटारलॉऱ्या आल्या आहेत. त्यांची चाकं मोठी, आवाज मोठा. काल एक लॉरी माझ्या काठावर चढली. ड्रायव्हर म्हणाला, "रस्ता गाड्यांचा हाय." माझे चार दगड खाली घरंगळले.

मित्रांनो, मी रडगाणं गात नाही. चाकाला मी एकदा अडवलं आहे आणि पुन्हाही अडवीन, पण मला चारही दगड जागेवर हवेत. ते गाडीवाटेच्या कडेलाच पडले आहेत, फार जड नाहीत, दोघं मिळून एक सहज उचलतील. तोंड बघून बसवा. अंधार पडायच्या आत या. उद्या सकाळी शाळा आहे.